दोन टाळ्या

"हात पुढं कर," आत्याबाई म्हणाल्या.

मी दोन्ही हात पुढे केले. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी. आत्याबाईंनी मांडीवर तालमीची एक जुनी जर्सी घेतली होती, धुऊन धुऊन विटलेली, जांभळी. कात्रीने तिच्या लांब पट्ट्या कापत होत्या. मला वाटलं, माझ्या हाताला कुठे लागलंबिगलंय की काय.

"आत्याबाई, काय झालंय हाताला?"

"हाताला न्हाई, चुड्याला झालंय. हिरवा हाय न्हवं त्यो."

आणि त्यांनी माझ्या हिरव्या चुड्यावर ती जांभळी पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. मनगटापासून वर, एकही बांगडी दिसणार नाही अशी. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले, वर्षाच्या आत चुडा उतरवायचा नाही. आणि त्या दिवशी तर फुटबॉलची फायनल होती.

कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे पटायचं नाही, म्हणून सांगते. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा खरा, पण आमच्याकडे पेठेची फुटबॉलची टीमसुद्धा तालमीचीच. आमच्या गावात माणूस जन्माला येतो तो आधी तालमीचा असतो, मग आईबापाचा. माझं सासर पिंपळपार तालमीचं, रंग जांभळा. माझं माहेर खडकतळं तालमीचं, रंग पोपटी. फायनलच्या दिवशी सासरच्या घरात हिरवी वस्तू दिसायची नाही. मटणावर कोथिंबीर पडायची नाही. मिरच्या लाल. शेजारच्या वहिनींच्या पोपटाच्या पिंजऱ्यावरसुद्धा सकाळीच चादर पडायची, आणि वहिनीही बिचाऱ्या काही म्हणायच्या नाहीत. खडकतळ्याच्या फक्त दोन गोष्टी त्या घरात चालत. एक मी. दुसरी केळी. मामंजी पहाटे फिरायला जायचे आणि येताना खडकतळ्याच्या बागवानाकडून केळी आणायचे. "तिकडं सस्ती पडत्यात," म्हणायचे.

"घट्ट झालं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"जरासं."

"ऱ्हाऊ दे. सैल पडलं तर हिरवं डोकावंल."

एवढ्यात हे बाहेर आले. हे म्हणजे माझे यजमान, सयाजी. पिंपळपारचे गोली. हातमोजे काखेत, केसाला तेल, पोटात काही नाही. मॅचच्या दिवशी हे चहासुद्धा घ्यायचे नाहीत. माझ्या पट्ट्या बघून त्यांना हसू आलं, पण आई समोर म्हणून गिळलं.

"तुझ्या म्हायेरच्यांनी गोल घातला तर तोंड पाडून बस," म्हणाले. "घातला न्हाई तरी लई हसू नगंस. सगळी तुझ्याकडंच बघत असणार."

"आणि तुम्ही अडवलात तर?"

"मग काय ते कर," म्हणाले आणि गेले.

मामंजी ओट्यावर चपला घालत होते. दौलतराव इंगवले, तालमीचे अध्यक्ष. तरुणपणी डाव्या बाजूने खेळलेले, आता गुडघे गेलेले, काठी हातात. बोलणं मोजकं. पिंपळपारच्या पोरांना त्यांनी आयुष्यभर दोनच गोष्टी शिकवल्या. एक, बॉलवर थांबायला. "पळायला काय, गाढवबी पळतंय. थांबायला शिका रे," असं ते सराव बघताना ओरडायचे आणि पोरं मान डोलावून परत गाढवासारखी पळायची. दुसरी, टाळीची हाव न धरायला. मामंजी कधी कुणाला टाळी वाजवत नसत. आपल्या पोरांना तर नाहीच. टाळी डोक्यात जाते म्हणायचे. पोटचा पोरगा पेनल्टी अडवून मैदानभर नाचला तरी हे काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेले. सगळ्या पेठेला त्याचं कौतुक. अध्यक्ष असावा तर असा, म्हणायचे.

त्या काळी बायका मैदानावर फारशा जात नसत, पण फायनलला अध्यक्षांच्या घरच्या बायका जायच्याच. आमची जागा ठरलेली. जांभळ्या बाजूच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून, कनातीच्या सावलीत. मधे आत्याबाई, त्यांच्या उजवीकडे मामंजी, डावीकडे मी. आमच्या मागे कुणी नाही, खाली पेठच्या पेठ. समोरच्या बाजूला सगळं पोपटी. त्या पोपटी गर्दीत माझे वडील, चुलते, भाऊ असणार होते. मी त्या बाजूला बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच. एवढ्या लांबून कुणी ओळखू आलं नाही, हेच बरं झालं.

मॅच सुरू झाली आणि माझी पंचाईत झाली. आमची पोरं ताकदीची. बॉल आला की उंच हाणायचा आणि सगळ्यांनी त्याच्यामागे धावायचं. खडकतळ्याची पोरं बॉल जमिनीवरून सोडतच नव्हती. ह्याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून परत ह्याच्याकडे, घरातली माणसं पंगतीत भाकरी पुढे सरकवतात तसं. आणि त्यांच्यात डावीकडे तो यासीन. बागवानाचा यासीन. माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला, आमच्या गल्लीत पाटी घेऊन यायचा तेव्हा नाकाला शेंबूड. आता मिसरूड फुटलेलं. अंगाने काडी, पण बॉल पायात आला की आमची दोन दोन धिप्पाड पोरं त्याच्याभोवती गोल फिरून जमिनीवर बसायची.

मला ते आवडत होतं. काय सांगू, जीव त्याच्याकडेच ओढ घेत होता. मी पट्ट्या बांधलेले हात पदराखाली घेऊन बसले आणि चेहरा मख्ख ठेवला.

मामंजी मात्र स्वस्थ नव्हते. अधूनमधून ओठातल्या ओठात म्हणायचे, "थांब… आता थांब." मला वाटलं, आमच्या पोरांना म्हणतायत.

हाफ टाईमच्या आधी आमचा गोल झाला, नंतर त्यांचा. एक एक अशी बरोबरी. ह्यांनी तीन चांगले बॉल अडवले. एकदा तर खांबावर आपटून उठले. आत्याबाई प्रत्येक वेळी देवाचं नाव घ्यायच्या आणि मामंजींकडे बघायच्या. मामंजी काठीवर हात ठेवून समोर बघत.

शेवटची काही मिनिटं राहिली असतील. ऊन उतरलं होतं. बॉल डावीकडे यासीनकडे आला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि समोर फक्त हे. हे गोल सोडून धावत पुढे आले. ह्यांचं अंग मोठं, आणि तो काडीएवढा. कुणाला तरी लागणार, असं वाटून मी पदराखालचे हात बाहेर काढले आणि छातीशी जोडले.

"थांब," मामंजी म्हणाले.

आणि यासीन थांबला. धावता धावता बॉलवर पाय ठेवला आणि उभा राहिला. एक श्वासभर. सगळं मैदान पळत होतं आणि तो एकटा उभा. ह्यांनी बॉलवर झेप टाकली, पण बॉल अजून निघालाच नव्हता. हे आडवे पडले, मातीत घसरत गेले, आणि मग त्याने बॉल हळूच ह्यांच्या अंगावरून पलीकडे टाकला. जोर नाही, काही नाही. बॉल गडगडत गोलात गेला आणि जाळीपर्यंतही पोचला नाही.

आमच्या बाजूला एकदम सामसूम झाली. समोरची बाजूसुद्धा क्षणभर गप्प होती, त्यांनाही कळायला वेळ लागला.

त्या सामसुमीत टाळी वाजली. दोन टाळ्या. रुंद, मोकळ्या. आमच्या पायरीवरून.

खालची सगळी पेठ मागे वळली. मी ह्यांच्याकडे बघत होते, हे मातीतून उठत होते. मान वर केली तर शेकडो डोळे माझ्याकडे. आणि माझे दोन्ही हात छातीशी, एकमेकांना चिकटलेले.

"वहिनीसायेब!" खालच्या पायरीवरून हिंदुराव म्हणाला. हिंदुराव तालमीचा सेक्रेटरी, ह्यांच्या लहानपणापासूनचा मित्र. "नवरा मातीत पडलाय तुमचा. आणि टाळ्या वाजवतायसा?"

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या मैदानाकडे बघत होत्या. मामंजींकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात काठीवर होते, नेहमीसारखे.

"खडकतळ्याची ती खडकतळ्याचीच," कुणीतरी बाई म्हणाली. मग पुष्कळजण पुष्कळ काही म्हणाले. ते आता सांगत नाही.

मॅच संपली. दोन एक. समोर पोपटी गुलालासारखं काहीतरी उधळलं जात होतं आणि हलगी वाजत होती. आम्ही मागच्या बोळातून घरी आलो. वाटेत आत्याबाई पुढे, मामंजी मधे, मी मागे. दारादारांत बायका उभ्या होत्या. एकीने मला वाट द्यायला म्हणून पदर आवरला, जणू माझा धक्का लागला तर बाटणार होती. मी मान खाली घालून चालत होते आणि मनगटावरच्या पट्ट्या घामाने चिकटल्या होत्या.

घरी सकाळचं मटण शिजवून ठेवलेलं होतं. कुणी वाढून घेतलं नाही. हे दिवेलागणीला आले. तोंडावरची माती तशीच. न्हाणीत जाऊन पाणी मारून आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"माझ्या तोंडात माती गेल्ती, मालन," म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच मला भय वाटलं. "मातीत पडलो हुतो, आणि वरनं टाळी ऐकू आली. आमच्याच बाजूनं. मला वाटलं, कुणी चुकून वाजवली असंल. मग हिंदूनं सांगितलं."

"मी नाही वाजवली."

"मग कुणी वाजवली? आईनं?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"का आप्पांनी?" हे मधल्या खोलीकडे, बापाकडे मान करून म्हणाले आणि कडवट हसले.

आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला आणि परत चालू झाला. मधल्या खोलीत मामंजी खोकले. बास, एवढंच झालं.

मी खरं सांगते, त्या रात्रीत माझं मलाच कळेनासं झालं. मी टाळी वाजवली नाही, असं मी किती छातीठोक सांगणार होते? तो गोल झाला तेव्हा माझ्या आत काहीतरी उसळलं होतं, हे मला ठाऊक होतं. हात जोडलेले होते, हेही खरं. नवरा पडला म्हणून काळजात चर्र झालं, पण त्याच्याआधी, अगदी पाव क्षण आधी, काय सुंदर केलं पोरानं, असंच मनात आलं होतं. मग हातांनी काय केलं असेल ते कुणी सांगावं? सकाळपर्यंत माझी खात्री झाली की वाजवली असणार. मला माझी एवढी लाज वाटली की आंघोळ करतानासुद्धा मी त्या पट्ट्या सोडल्या नाहीत. ओल्या पट्ट्यांनी दिवसभर काम केलं.

सकाळी हिंदुराव आला. ओट्यावरच बसला, आत आला नाही.

"अध्यक्ष, तालमीचा रिवाज तुमीच घालून दिलाय," म्हणाला. "तालमीला खाली बघायला लावलं की मारुतीपुढं नारळ ठेवायचा, आणि चारचौघांत 'चुकलं' म्हणायचं. सरावाला उशिरा आलेल्या पोरालाबी सोडलं न्हाई तुमी. आता घरचं माणूस म्हणून…"

"बाईमाणसाला तालमीत आणायचं?" मामंजी म्हणाले.

"आत कशाला? पायरीशी उभ्या ऱ्हातील. नारळ तुमी घ्या आणि फोडा."

मामंजी काहीच बोलले नाहीत. त्यांना म्हणायचं असतं तर तेव्हा म्हणता आलं असतं. मी दाराआड उभी होते. मला त्यांची पाठ दिसत होती आणि ती जराही हलली नाही.

ह्यांनी मला एकटीला गाठून सांगितलं, "नारळ ठेव. न्हाईतर पिशवी भर, मी तुला खडकतळ्याला सोडून येतो. बायको म्हायेरी गेली म्हणून लोक बोलतील, बोलू देत. पण तालमीत मला तोंड दाखवता येत न्हाई, हे मला जमणार न्हाई."

"ठेवते," मी म्हटलं. "चुकलं असंलच माझं."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी एवढ्या लवकर कबूल होईन असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना ते बरंही वाटलं नाही.

शनिवारी संध्याकाळी आरतीनंतर आम्ही तालमीपाशी गेलो. आत लाल मातीचा हौदा, भिंतीला मारुती, त्याच्यापुढे तेलाचा दिवा. पोरं, म्हातारे, सगळी टीम दाटीवाटीने उभी. हे आत, टीममध्ये. मी बाहेर पायरीखाली, नारळ हातात घेऊन. आत्याबाई माझ्यामागे दोन पावलांवर. समोरच्या माड्यांवरून बायका वाकून बघत होत्या.

मामंजी आतून पायरीवर आले. अध्यक्षाचा जांभळा फेटा डोक्याला.

"म्हणा वहिनी," हिंदुराव म्हणाला.

"चुकलं माझं," मी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नसावं.

"जरा मोठ्यानं."

"चुकलं माझं," मी परत म्हटलं आणि नारळ पुढे केला. ओंजळ पुढे करताना पदर मागे सरला आणि माझ्या मनगटावरच्या पट्ट्या मामंजींना दिसल्या. मळलेल्या, अजून बांधलेल्या. त्यांनी नारळ घेतला. फोडायला म्हणून दगडाकडे वळले, हात वर केला, आणि तसाच खाली आणला.

मग ते पायरी उतरून खाली आले. माझ्या शेजारी उभे राहिले, तालमीकडे तोंड करून. डोक्यावरचा फेटा काढून काखेत धरला.

"ह्यो नारळ हिचा न्हाई," म्हणाले. "माझा हाय. टाळी मी वाजवली. चुकलं माझं."

कुणाला काही समजलं नाही. मग हिंदुरावच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अध्यक्ष!" तो म्हणाला. "सुनंसाठी स्वतःवर घ्यायलासा? अहो, तुमी आणि टाळी? जन्मात कुणी ऐकलीया का तुमची टाळी?"

"हिंदू, मी खरं सांगतोय. मी वाजवली."

"ह्याला म्हणत्यात मन!" मागून एक म्हातारा ओरडला. "बघा रं पोरांनो, घरची अब्रू कशी झाकत्यात ते बघा!"

आणि तालीम टाळ्या वाजवायला लागली. आत पोरं, बाहेर म्हातारे, माड्यांवरच्या बायका. मामंजी हात वर करून थांबवत होते, काहीतरी सांगत होते, ते कुणाला ऐकूच जात नव्हतं. कुणीतरी त्यांच्या काखेतला फेटा घेऊन परत त्यांच्या डोक्यावर ठेवला. कुणी त्यांच्या पाया पडलं. माझ्याकडे बघून एक बाई दुसरीला म्हणाली, असला सासरा मिळायला नशीब लागतं, आणि हिनं काय केलं बघ. हिंदुरावने "झालं गेलं विसरा" असं जाहीर केलं. मला माफ केलं गेलं. मामंजींचा चेहरा मी त्या वेळी बघितला. चाबकाचे फटके खाणाऱ्या माणसाचा असतो तसा होता. मला तेव्हाही वाटलं की ते माझ्यासाठीच खोटं बोलले. मीही त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले.

घरी आल्यावर मामंजींनी दार लावून घेतलं. नारळ अजून त्यांच्याच हातात. ह्यांना म्हणाले, "सयाजी, बस."

"कशाला तिला पाठीशी घातलंसा आप्पा?" हे उभ्यानेच म्हणाले. "तिनं कबूल केलं हुतं."

"तिनं न केलेलं कबूल केलं. मी वाजवली."

"बास करा आता."

"पहाटं फिरायला जातो ते कुठं जातो, ठाव हाय तुला? खडकतळ्याच्या मैदानावर जातो. त्यांचा सराव बघतो. भिताडाच्या मागं उभा ऱ्हाऊन, चोरासारखा. दोन वर्सं झाली."

हे बसले.

"त्यांची पोरं खेळत्यात ना, तसं मला आयुष्यभर खेळायचं हुतं," मामंजी म्हणाले. "आपल्या पोरांना सांगून सांगून घसा बसला. आणि त्यो बागवानाचा पोरगा… केळी घेताना एकदा मी त्याला म्हटलं, लेकरा, गोली अंगावर आला की बॉलवर पाय ठेव आणि एक दम घे. गोली आपसूक पडतो. दोन शब्द सांगितलं, त्यानं ध्यानात ठेवलं. त्या दिवशी त्यो थांबला आणि माझं हात… मला कळलंबी न्हाई रं. वाजल्यावर कळलं."

आणि मग आत्याबाई बोलल्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मला कळलं हुतं," म्हणाल्या. "शेजारीच हुते मी."

मी त्यांच्याकडे बघितलं. चार दिवस ह्याच बाईने मला समोर बसवून वाढलं होतं, माझ्याशी एक शब्द न बोलता.

"आत्याबाई, मग तुम्ही…"

"काय करू ग?" त्यांचा आवाज फुटला. "ह्यांचं नाव गेलं असतं तर ह्या वयात परत मिळालं नसतं. तू तरणी हाईस. तुझं गेलेलं परत येईल, असा हिशेब केला मी. चांडाळणीनं हिशेब केला." त्या उठून माझ्यापाशी आल्या, खाली बसल्या आणि माझ्या मनगटावरच्या पट्ट्या सोडायला लागल्या. गाठ ओलीने आवळून बसली होती, सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. मी त्यांना अडवलं नाही आणि मदतही केली नाही. मला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती. सगळ्यांची मिळून.

हे अजून मामंजींकडेच बघत होते.

"दोन वर्सं तुमी त्यांचा सराव बघितला," हे हळूच म्हणाले. "त्यो थांबणार, हे तुमाला ठाव हुतं."

"व्हय."

"मग मलाबी सांगायचं हुतं की आप्पा. सयाजी, त्यो थांबंल, तू पडू नगंस. एवढंच."

मामंजी हातातला नारळ फिरवत राहिले.

"माझ्या ध्यानातच आलं न्हाई," म्हणाले.

हे उठले आणि बाहेर गेले. कुठे गेले, मी विचारलं नाही.

नारळ मामंजींनी कोनाड्यात ठेवला. तो देवाला फोडायचा की घरात वापरायचा, हे कुणी ठरवलं नाही, म्हणून तो तिथेच राहिला आणि वाळून गेला. पुढच्या महिन्यात मामंजींनी अध्यक्षपद सोडलं. सुनेचं लागलं त्यांच्या जिवाला, असं पेठ म्हणाली. माझी मुलं मोठी झाली, नातवंडं झाली, तरी अजून पेठेतला एखादा म्हातारा मला बघून हळूच टाळी वाजवतो आणि हसतो. मी खुलासा करत बसत नाही. खरं सांगून बघणाऱ्याचं काय झालं, ते मी पायरीशी उभी राहून बघितलं होतं.

पण एक गोष्ट राहिली सांगायची.

त्या दिवसापासून मामंजींचं पहाटेचं फिरणं बंद झालं. घरात केळी यायची बंद झाली. बापलेक एका घरात राहत, एका पंगतीला जेवत, आणि मीठ मागायचं तरी माझ्यामार्फत मागत. असे दोनेक महिने गेले. एका सकाळी हे कुठूनसे आले, चपला पिवळ्या मातीने भरलेल्या. खडकतळ्याच्या मैदानावर असली माती आहे, आमच्या पेठेत नाही, हे मला माहेरची म्हणून चटकन कळलं. हातात केळीची फणी होती. ती त्यांनी मामंजींच्या पुढ्यात ठेवली.

"यासीननं दिल्यात," म्हणाले. "पैसं घेतलं न्हाईत. काका का येत न्हाईत, इचारत हुता. आजारी हैत का, म्हणला."

मामंजींनी मान वर केली नाही. "मग काय सांगितलंस?"

"हो म्हणलो. आजारी हैत."

मामंजींनी एक केळं तोडलं, अर्धं सोललं आणि तसंच हातात धरून बसले. मी चुलीपाशी होते. तालमीपुढे केवढ्या मोठ्याने म्हणाले होते, आणि केवढ्या टाळ्या पडल्या होत्या. आता मला कान देऊन ऐकावं लागलं.

"चुकलं माझं, सयाजी," म्हणाले.

ह्यांनी फणीतलं एक केळं स्वतः घेतलं आणि बापाच्या शेजारी बसले.

"खावा," म्हणाले. "काळी पडतील."